आद्रियान मुटू: १६ महिन्यांचा खेळ, ४४ महिन्यांची वसुली

१,७१,७३,९९० युरो, आणि वर ५ टक्के व्याज. एका फुटबॉलपटूने आपल्या जुन्या क्लबला ही रक्कम द्यावी असं फिफाच्या वाद निवारण समितीने ७ मे २००८ रोजी ठरवलं. इतका मोठा आकडा त्याआधी फिफाने कुठल्याही खेळाडूच्या नावावर चढवला नव्हता. खेळाडू होता रोमानियाचा आघाडीपटू आद्रियान मुटू आणि क्लब होता लंडनचा चेल्सी. निमित्त कोकेनचं. पण ज्या इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने त्याला कोकेनबद्दल शिक्षा केली, तिने सात महिन्यांची बंदी आणि २०,००० पौंड दंड एवढ्यावर विषय संपवला होता. हा नंतरचा आकडा शिक्षेचा नव्हता, वसुलीचा होता. वसुली नेमकी कशाची आणि ती मोजली कशी, यावर हे प्रकरण पंधरा वर्षं चाललं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ते धरून वाचता येईल. चेल्सीने मुटूला हाकललं यात काही गैर नव्हतं. त्यानंतर जे बिल फाडलं, त्याची आकडेमोड बरोबर आहे, पण त्यामागचा विचार आजही गळी उतरत नाही.

पार्मा ते लंडन

मुटूचा जन्म १९७९ चा, आर्जेश जिल्ह्यातल्या कालिनेश्तीचा. पितेश्तीच्या आर्जेश क्लबमधून तो वर आला, बुखारेस्टच्या दिनामोत गेला आणि २००० च्या सुरुवातीला इंटर मिलानने त्याला उचललं. इंटरमध्ये त्याच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. मग वेरोनात दोन मोसम. दुसऱ्याच्या शेवटी संघ खालच्या श्रेणीत घसरला. त्याचं नाव खरं झालं ते पार्मात. २००२-०३ मध्ये चेझारे प्रांदेल्लीच्या हाताखाली, ब्राझीलच्या आद्रियानोच्या जोडीने खेळताना त्याने सेरी आ या इटलीच्या अव्वल लीगमध्ये १८ गोल केले. पेनल्टी बॉक्समध्ये उभं राहून चेंडूची वाट पाहणाऱ्यांतला तो नव्हता. डावीकडून आत घुसायचं, बचावपटूला एका बाजूला झुकवून उजव्या पायाने वळवून मारायचं, फ्री किक आणि पेनल्टीसाठी चेंडू स्वतःच उचलायचा. रोमानियात त्याला ‘हिरा’ म्हणत, आणि रोमानियाचा महान फुटबॉलपटू गेओर्गे हाजी याच्यानंतर कोण या प्रश्नाला तिथल्या लोकांना मिळालेलं सगळ्यात पटण्यासारखं उत्तर तोच होता.

२००३ च्या उन्हाळ्यात रोमान अब्रामोविचने चेल्सी विकत घेतला आणि बाजारात पैशांचा पूर आला. डेमियन डफ, हुआन सेबास्तियन वेरॉन, एर्नान क्रेस्पो, क्लोद मकेलेले, जो कोल. त्याच रांगेत मुटू, २ कोटी २५ लाख युरोंना. करार पाच वर्षांचा, जून २००८ पर्यंतचा. पहिल्याच सामन्यात लेस्टरविरुद्ध विजयी गोल, पुढे ब्लॅकबर्नविरुद्ध एक, टॉटनहॅमविरुद्ध दोन. लीगच्या पहिल्या तीन सामन्यांत चार गोल. लंडनला वाटलं, सौदा स्वस्तात पडला.

मग गाडी रुळावरून घसरली. त्या मोसमात लीगमध्ये तो २५ सामने खेळला आणि त्याचे एकूण गोल झाले सहा. म्हणजे उरलेल्या २२ सामन्यांत दोन. २००४ च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी गेले, त्यांच्या जागी जोझे मोरिन्यो आले, दिदिए द्रोग्बा आला आणि मुटू बाकावरही मावेना. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रोमानियाकडून खेळायला जाण्यावरून त्याचं मोरिन्योंशी जाहीर वाजलं. क्लब म्हणत होता तो जखमी आहे, तो म्हणत होता मी ठणठणीत आहे.

१ ऑक्टोबर २००४ रोजी फुटबॉल असोसिएशनने त्याची चाचणी घेतली होती. नमुन्यात कोकेन सापडलं. २८ ऑक्टोबरला चेल्सीने त्याचा करार संपवला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात असोसिएशनच्या शिस्तपालन आयोगाने शिक्षा सुनावली आणि फिफाने ती जगभर लागू केली.

सात महिने कमी की जास्त, यावर तेव्हा बरीच धुसफुस झाली. दोन वर्षांपर्यंत बंदी घालता आली असती. पण खेळ सुधारण्यासाठी घेतलेलं उत्तेजक आणि रात्रीच्या पार्टीत घेतलेली नशा यांत इंग्लंडमध्ये तेव्हा फरक केला जाई. व्यसनात सापडलेल्या खेळाडूला उपचार द्यायचे आणि मैदानावर परत आणायचं, अशी ती भूमिका होती. मुटू उपचारांना गेलाही. खेळाडूंच्या व्यावसायिक संघटनेने क्लबवर नाराजी दाखवली. उपचारांच्या ऐन वेळी माणसाला रस्त्यावर काढलं, असा त्यांचा सूर होता.

हिशोबाच्या वहीतला खेळाडू

पुढचं समजायला क्लबच्या ताळेबंदात डोकावावं लागतं. दुसऱ्या क्लबला खेळाडूसाठी दिलेली रक्कम एकाच वर्षाच्या खर्चात टाकत नाहीत. ती मालमत्ता म्हणून नोंदवतात आणि कराराच्या मुदतीवर पसरवून दरवर्षी घसारा काढतात. २ कोटी २५ लाख भागिले पाच, म्हणजे वर्षाला ४५ लाख, महिन्याला पावणेचार लाख युरो. मुटूचा करार जवळपास ६० महिन्यांचा होता. करार संपवला तेव्हा १६ महिने सरले होते आणि ४४ उरले होते. २ कोटी २५ लाख गुणिले ४४ भागिले ६० केलं की येतात बरोबर १ कोटी ६५ लाख युरो.

वसुलीच्या आकड्यातला सगळ्यात मोठा हिस्सा हाच आहे. खरेदीशी जोडलेले इतर छोटे खर्च धरून वर ६,७३,९९० युरो. बाकी काही नाही. मुटूमुळे क्लबची किती बदनामी झाली, किती सामने हरले, प्रायोजक किती चिडले, याचा त्यात एक पैसाही नाही. पुस्तकात शिल्लक राहिलेली किंमत खेळाडूच्या नावावर टाकली, एवढंच.

तुलनेला त्याच क्लबचा गोलकीपर मार्क बॉस्निच घ्या. २००२ मध्ये तोही कोकेनच्या चाचणीत सापडला, त्यालाही चेल्सीने काढलं, त्यालाही बंदी झाली, ती नऊ महिन्यांची. पदार्थ तोच, क्लब तोच, बंदी उलट दोन महिने जास्त. पण बॉस्निच मँचेस्टर युनायटेडमधून फुकट आला होता. त्याच्या खरेदीपोटी वसूल करण्यासारखी किंमत वहीत नव्हतीच. मुटूचा अपराध बॉस्निचपेक्षा १ कोटी ६५ लाखांनी मोठा कसा झाला, याचं उत्तर दोघांच्या वागण्यात शोधून सापडत नाही. ते पार्माला दिलेल्या चेकमध्ये आहे.

करार मोडला कुणी?

वकिलांच्या दृष्टीने पहिला पेच वेगळाच होता. फिफाच्या २००१ च्या नियमावलीत योग्य कारणाशिवाय करार एकतर्फी मोडणाऱ्याने भरपाई द्यावी असं म्हटलं होतं. या नियमाची नेहमीची केस म्हणजे खेळाडू करार अर्धवट टाकून दुसऱ्या क्लबकडे निघून जातो. इथे मुटू कुठे गेला नव्हता. त्याला काढलं होतं. मग करार मोडला कुणी, ज्याने नशा केली त्याने की ज्याने बडतर्फीचं पत्र दिलं त्याने?

दोन्ही बाजूंनी जानेवारी २००५ मध्ये हा प्रश्न प्रीमियर लीगच्या अपील समितीपुढे न्यायचं मान्य केलं. समितीने एप्रिलमध्ये मुटूविरुद्ध निकाल दिला. लोझानच्या क्रीडा लवादाने, म्हणजे कॅसने, डिसेंबर २००५ मध्ये तो कायम ठेवला. तर्क असा: खेळाडूने आपल्या वागण्याने कराराच्या मुळावरच घाव घातला असेल, तर शेवटचं पत्र कुणाच्या सहीचं होतं याला महत्त्व नाही. मोडणारा तोच.

हा तर्क मला पटतो. पण तो लक्षात ठेवा, कारण दहा वर्षांनी हेच लवाद त्याच घटनेकडे दुसऱ्या बाजूने बघणार आहे.

मधली दोन वर्षं अधिकारक्षेत्राच्या वादात गेली. चेल्सी भरपाईसाठी फिफाकडे गेला. ऑक्टोबर २००६ मध्ये फिफाच्या समितीने हे आमच्या अखत्यारीत येत नाही म्हणून हात झटकले. मे २००७ मध्ये कॅसने ते मोडीत काढून प्रकरण परत पाठवलं. मग आला मे २००८ चा आदेश.

आकडा

जुलै २००९ मध्ये मुटूचं अपील फेटाळून कॅसने पूर्ण रक्कम कायम केली. त्याआधीच्या दीड वर्षात कॅसचे असेच दोन मोठे निकाल आले होते, आणि तिन्ही शेजारी ठेवल्याशिवाय या आकड्याचं विचित्रपण कळत नाही.

स्कॉटलंडचा बचावपटू अँडी वेबस्टर हार्ट्सचा करार टाकून विगनला गेला. जानेवारी २००८ मध्ये कॅसने सांगितलं, उरलेल्या मुदतीचा पगार मोजा, तेवढीच भरपाई. झाले १,५०,००० पौंड. बाजारातली किंमत, खरेदीची किंमत, काही धरलं नाही. ब्राझीलचा मातुझालेम शाख्तार दोनेत्स्क सोडून सारागोसाला गेला. मे २००९ मध्ये कॅसने त्याच्या सेवेची बाजारातली किंमत काय झाली असती हे मोजलं आणि सुमारे १ कोटी १८ लाख युरो लावले. आणि दोनच महिन्यांनी मुटूच्या बाबतीत तिसरी पट्टी वापरली: क्लबने खर्च केला किती आणि त्यातला फुकट गेला किती.

वेबस्टर आणि मातुझालेम दोघेही संरक्षित काळ, म्हणजे कराराची पहिली दोन-तीन वर्षं, संपल्यावर गेले होते. मुटूचा भंग त्या काळाच्या आतला, म्हणजे नियमाच्या भाषेत जास्त गंभीर. हे मान्य. पण संरक्षित काळाने भरपाईचं वजन वाढू शकतं, मोजण्याची पट्टीच बदलावी असं काही नाही.

मुटूच्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा होता कारणमीमांसेचा. नुकसान चाचणीने झालं नाही, बडतर्फीने झालं. चेल्सीला त्याला दंड करून ठेवून घेता आलं असतं, बंदी संपेपर्यंत थांबून विकता आलं असतं. ट्रक स्वतःच्या हाताने फुकट देऊन टाकायचा आणि मग उरलेली पुस्तकी किंमत मागायची ती त्याच ट्रककडून, असा हा प्रकार.

कॅसने ते मानलं नाही. भंग गंभीर असेल तर क्लबला करार संपवण्याचा हक्क आहे आणि हक्क वापरल्याबद्दल क्लबच्या भरपाईतून वजावट करता येत नाही, असं त्याचं म्हणणं. कायदा म्हणून वाक्य नीट बसतं. पण इथे एक गोष्ट निसटते. ऑक्टोबर २००४ मध्ये मुटूची बाजारातली किंमत १ कोटी ६५ लाख होती का? २२ सामन्यांत दोन गोल, प्रशिक्षकाशी वाकडं, संघात जागा नाही. चाचणी झालीच नसती आणि चेल्सीने त्याला जानेवारीत विकलं असतं, तर एवढे पैसे कुणी दिले असते असं मला वाटत नाही. खरेदी चढ्या भावाने झाली हा धोका क्लबने २००३ मध्ये स्वतः घेतला होता. घसाऱ्याच्या पद्धतीने तो धोका जसाच्या तसा खेळाडूच्या डोक्यावर गेला.

दुसरी बाजूही खरी आहे, आणि ती चेल्सीच्या बाजूने आहे. मुटूला ज्याने उचललं त्याने एक छदामही मोजला नाही. हा खेळाडू पुढे काय करू शकला ते पाहिलं की चेल्सीची तडफड समजते.

दरम्यान इटलीत

जानेवारी २००५ च्या शेवटी, बंदी चालू असतानाच, युव्हेंटसने त्याला घ्यायचं ठरवलं. अडचण एकच होती. रोमानिया तेव्हा युरोपीय संघात नव्हता आणि बाहेरच्या देशांतल्या खेळाडूंसाठी असलेली युव्हेंटसची जागा संपली होती. मग लिव्होर्नो हा दुसरा इटालियन क्लब मधे पडला. त्याने मुटूची नोंदणी केली आणि दोनच दिवसांत तो युव्हेंटसकडे सरकवला. त्या दोन दिवसांपायी लिव्होर्नोला पुढे दहा वर्षं कोर्टकचेऱ्या बघाव्या लागतील, हे तेव्हा तिथल्या कारकुनाच्या स्वप्नातही आलं नसेल.

बंदी मे मध्ये संपली. पुढचा पूर्ण मोसम तो फाबियो कापेल्लोच्या संघात खेळला. मग काल्चोपोली, म्हणजे सामन्यांच्या पंचांच्या नेमणुकांत ढवळाढवळ केल्याचा घोटाळा, उघडा पडला, युव्हेंटसची दोन्ही विजेतेपदं काढून घेतली गेली, संघ दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला आणि मुटू सुमारे ८० लाख युरोंना फिओरेंतिनाकडे गेला. फुकट आलेल्या खेळाडूचे युव्हेंटसला ८० लाख मिळाले. चेल्सीच्या वकिलांनी हा आकडा पुढे पुन्हा पुन्हा का उगाळला असेल हे वेगळं सांगायला नको.

फ्लोरेन्समध्ये प्रांदेल्ली होते, आणि त्यांच्या हाताखाली मुटू पुन्हा पार्माचा मुटू झाला. पहिल्या वर्षी लुका तोनीच्या जोडीने १६ गोल. फिओरेंतिनाने तो मोसम काल्चोपोलीच्या शिक्षेपोटी उणे १५ गुणांवरून सुरू केला होता, तरी संघ वर आला. तोनी म्युनिकला गेल्यावर दुसऱ्या वर्षी १७ गोल. २००८ मध्ये संघ यूएफा कपच्या उपांत्य फेरीत पोचला आणि रेंजर्सकडून पेनल्टींवर हरला.

फिफाचा आदेश त्याच वर्षी मे महिन्यात निघाला, मात्र बातमी फुटायला ऑगस्ट उजाडला. मधे युरो २००८ झाली. १३ जून, झुरिक, इटलीविरुद्ध. मुटूने गोल करून रोमानियाला आघाडी दिली. इटलीने लगेच बरोबरी केली. शेवटच्या दहा मिनिटांत रोमानियाला पेनल्टी मिळाली. चेंडू अर्थातच मुटूने उचलला. समोर जियानलुइजी बुफॉन, युव्हेंटसमधला जुना सहकारी, ज्याने सरावात त्याच्या कितीतरी पेनल्टी पाहिल्या असतील. मुटूने मारलेला चेंडू बुफॉनने हाताने आणि पायाने मिळून अडवला. १-१. तो गोल झाला असता तर विश्वविजेती इटली गटातच बाहेर पडण्याच्या दारात उभी राहिली असती. झालं उलटं, रोमानिया घरी गेला.

आणि मग, सहानुभूती वाटणाऱ्यांची पंचाईत करणारी गोष्ट. जानेवारी २०१० मध्ये तो पुन्हा चाचणीत सापडला. या वेळी सिब्युट्रामिन, भूक मारणाऱ्या गोळ्यांतलं औषध. नऊ महिने बंदी. दोन्ही पदार्थांचा आणि दोन्ही कारणांचा एकमेकांशी संबंध नाही. पण ‘एकदा पाय घसरलेला तरुण’ ही प्रतिमा त्यानंतर टिकली नाही. कोर्टातल्या मुद्द्यांवर याचा परिणाम व्हायला नको होता आणि झालाही नसावा. लोकमतावर मात्र झाला.

लोझान ते स्ट्रासबर्ग

कॅसच्या निकालाविरुद्ध दाद मागायची तर स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात, आणि तिथे वाव फार थोडा. निकाल चुकला असं म्हणून चालत नाही, प्रक्रियेत मोठी खोट दाखवावी लागते. मुटूने लवादाच्या पंचांवरच बोट ठेवलं. एक पंच २००५ च्या निकालातही होता. दुसऱ्याच्या वकिली फर्मचा चेल्सीच्या मालकाच्या हितसंबंधांशी संबंध आहे असा आरोप होता. जून २०१० मध्ये न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले.

मग स्ट्रासबर्ग. युरोपीय मानवी हक्क न्यायालयात मुटूचं प्रकरण जर्मनीची स्पीड स्केटर क्लाउडिया पेखश्टाइनच्या प्रकरणाला जोडलं गेलं, आणि इथून ते फुटबॉलपेक्षा मोठं झालं. क्रीडा संघटनांच्या पैशांवर आणि त्यांच्याच यादीतल्या पंचांवर चालणारं लवाद स्वतंत्र न्यायाधिकरण म्हणायचं का, असा तो प्रश्न होता. २ ऑक्टोबर २०१८ चा निकाल पाच विरुद्ध दोन मतांनी कॅसच्या बाजूने लागला. पेखश्टाइनला एका मुद्द्यावर यश मिळालं, तिची सुनावणी जाहीरपणे व्हायला हवी होती. मुटूला काहीच नाही.

निकालातला एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही. न्यायालयाने दोघांत फरक केला होता. पेखश्टाइनपुढे पर्याय नव्हता, लवाद मान्य करा किंवा व्यावसायिक खेळ सोडा. मुटूला मात्र तसं बंधन होतं असं त्याला दाखवता आलं नाही. तरीही न्यायालय म्हणालं, त्याने पंचांवर आक्षेप घेतला होता, म्हणजे निःपक्ष पंचाचा हक्क त्याने सोडून दिला असं धरता येणार नाही. दार उघडं ठेवलं, आत गेल्यावर मात्र त्याच्या हाती काही लागलं नाही. मोठ्या पीठाकडे जाण्याची विनंती फेब्रुवारी २०१९ मध्ये नाकारली गेली.

युव्हेंटस आणि लिव्होर्नो

रक्कम एका माणसाकडून येणार नाही हे चेल्सीला माहीत होतं. जुन्या नियमावलीच्या कलम १४.३ मध्ये सोय होती: खेळाडूने महिन्याभरात भरपाई दिली नाही तर नवा क्लबही जबाबदार. एप्रिल २०१३ मध्ये फिफाच्या समितीने हे कलम लावून युव्हेंटस आणि लिव्होर्नोला मुटूच्या सोबत उभं केलं. तोवर मुटू चेझेना करून कोर्सिकात आयाक्सिओकडून खेळत होता आणि त्याच वर्षी हंगेरीविरुद्धच्या पेनल्टीवर त्याने राष्ट्रीय संघासाठी ३५ वा गोल करून हाजीची बरोबरी केली होती. ७७ सामन्यांत ३५. हाजीला तेवढ्यासाठी १२० हून अधिक सामने लागले. तो विक्रम मोडायची संधी त्याला मिळाली नाही, आणि तेही स्वतःच्याच हाताने. प्रशिक्षक व्हिक्टर पित्सुर्का यांची मिस्टर बीनच्या रूपातली चित्रं त्याने फेसबुकवर टाकली आणि संघाचा दरवाजा बंद झाला. या माणसाच्या गोष्टीत दुःख शोधायला गेलं की मध्येच असं काहीतरी हाताला लागतं.

दोन्ही इटालियन क्लब कॅसकडे गेले. जानेवारी २०१५ मध्ये कॅसने त्यांना मोकळं केलं. कारण काय? कलम १४.३ खेळाडू करार मोडून दुसऱ्या क्लबकडे जातो त्या परिस्थितीसाठी आहे. इथे चेल्सीने स्वतः करार संपवला, त्याला मुटू नकोच होता, आणि युव्हेंटसने कुणाला फूस लावली नव्हती.

आता २००५ चा निकाल आठवा. मुटूविरुद्ध भरपाई ठरवताना बडतर्फीचं पत्र कुणी दिलं याला महत्त्व नव्हतं. युव्हेंटसची जबाबदारी ठरवताना तेच पत्र निर्णायक ठरलं. वकील सांगतील की प्रश्न दोन वेगळे आहेत, एक भंगाचा आणि एक सहभागाचा, त्यामुळे उत्तरं वेगळी आली तरी विसंगती नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण परिणाम बघा. चेल्सीला कागदावर पूर्ण हक्क मिळाला. युव्हेंटसला खेळाडू फुकट मिळाला, वर विक्रीचे पैसे मिळाले आणि जबाबदारी शून्य. ज्यांच्याकडे देण्याइतके पैसे होते ते सुटले. आदेश उरला एकट्या माणसावर, ज्याच्याकडून तो वसूल होण्यासारखा कधीच नव्हता.

त्या निकालानंतर काही महिन्यांतच मुटू आपल्याकडे आला. २०१५ च्या इंडियन सुपर लीगसाठी पुणे सिटीने त्याला मार्की खेळाडू म्हणून घेतलं. प्रशिक्षक होते इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट आणि मैदान बालेवाडीचं. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. पुणेकरांना पाहायला मिळाला तो कारकिर्दीच्या उतरणीवरचा मुटू. मार्की म्हणजे तिकिटं खपवायला आणलेलं नाव, असं त्या काळात सर्रास बोललं जाई आणि त्यात तथ्यही होतं. तरी फ्री किकसाठी चेंडू मांडून तो मागे सरायचा तेव्हा स्टँडमध्ये लोक उठून उभे राहायचे. २०१६ च्या सुरुवातीला रोमानियात तर्गू मुरेशसाठी थोडं खेळून तो थांबला आणि प्रशिक्षणाकडे वळला. रोमानियाचा २१ वर्षांखालचा संघ, मग रापिड बुखारेस्ट, क्लुज.

नियम बदलला तेव्हा

या सगळ्याला २०२४ मध्ये एक तळटीप जोडली गेली, आणि तीही चेल्सीच्याच एका माजी खेळाडूने. फ्रान्सचा लासाना दियारा २०१४ मध्ये लोकोमोटिव्ह मॉस्कोशी भांडला, क्लबने करार संपवला आणि फिफाने त्याच्यावर १ कोटी ५ लाख युरो लावले. नव्या क्लबवरही जबाबदारी येईल या भीतीने बेल्जियमच्या शार्लेरुवाशी त्याचा करार फिसकटला. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की अशी आपोआप येणारी जबाबदारी आणि भरपाईचे असे मोघम निकष कामगारांच्या मुक्त संचाराच्या आणि स्पर्धेच्या नियमांच्या आड येतात.

त्यानंतर फिफाने डिसेंबर २०२४ मध्ये घाईघाईने तात्पुरते नियम आणले. नव्या क्लबवर जबाबदारी आता तेव्हाच येते, जेव्हा त्याने खेळाडूला करार मोडायला फूस लावली हे सिद्ध होतं. युव्हेंटसला सोडताना कॅसने जे म्हटलं होतं, जवळपास तेच आता नियमात आलं. भरपाईही प्रत्यक्ष नुकसानावर मोजायची, करार पाळला गेला असता तर बाधित पक्ष जिथे असता तिथे त्याला आणायचं. खरेदीच्या रकमेचा मुदतीवर पसरवलेला हिस्सा हा जो निकष जुन्या यादीत वेगळा लिहिलेला होता, तो नव्या मजकुरात उरलेला नाही. म्हणजे आज एखाद्या क्लबला मुटूसारख्या खेळाडूवर दावा करायचा तर आधी दाखवावं लागेल की करार मोडल्याने आपलं प्रत्यक्ष नुकसान किती झालं. ताळेबंदातला १ कोटी ६५ लाखांचा आकडा त्यासाठी पुरणार नाही.